परदेशी शिक्षण : कर्जाच्या नव्हे, हक्काच्या वाटेने

पदवी परीक्षांचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून आनंदाबरोबर एक नवी चिंताही वावरू लागते. मुलाने पहिला वर्ग मिळविला, मुलगी विद्यापीठात वरच्या क्रमांकाने आली. आता पुढे काय? एके काळी या प्रश्नाचे उत्तर कारकुनी किंवा मास्तरकी एवढ्यावरच संपत असे. आज ते परदेशी विद्यापीठाच्या दारापर्यंत जाऊन पोचते, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्या दाराशी पोचण्याच्या वाटा दोन आहेत, आणि आपल्या पुष्कळ कुटुंबांना त्यांपैकी एकच ठाऊक आहे.

ती वाट दलालाच्या दुकानातून जाते. तेथे प्रवेशाची हमी दिली जाते, व्हिसाची हमी दिली जाते, किंबहुना नोकरीचीही हमी दिली जाते. मात्र घर किंवा शेताचा तुकडा गहाण पडला तर तो सोडवून देण्याची हमी कोणीच देत नाही. दुसरी वाट शिष्यवृत्तीची, विद्यावेतनाची, शुल्क न घेणाऱ्या विद्यापीठांची आणि विद्यापीठा-विद्यापीठांतील देवाणघेवाणीची आहे. पहिल्या वाटेवर मोठमोठे फलक आहेत. दुसऱ्या वाटेवर फलक नाहीत, केवळ नियम आहेत आणि तारखा आहेत. जो नियम वाचतो व तारीख पाळतो, त्याला ती वाट मोकळी आहे. म्हणून आमच्या समाजबांधवांना व भगिनींना आमचे आग्रहाचे सांगणे असे की, कर्जाचा कागद हाती घेण्यापूर्वी हक्काचा कागद हाती घ्या.

परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहण्याची आपणांस सवय नाही. १९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले ते घरच्या पैशावर नव्हे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेली शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती, मुदत तीन वर्षांची होती आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. मुदत संपताच १९१७ मध्ये लंडनमधील शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. परंतु परतण्यापूर्वी, चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला, शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये उसने दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली ते डी. एस्सी. झाले. शिष्यवृत्ती, स्वतःची मिळकत, आणि अगदी शेवटी उसना पैसा : हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आज आपल्यापैकी अनेकजण हा क्रम नेमका उलटा लावतात. आधी कर्ज काढतात, मग तेथे जाऊन काम शोधतात आणि शिष्यवृत्तीची चौकशी केलीच तर शेवटी करतात, जेव्हा तिची मुदत टळून गेलेली असते.

बाबासाहेबांनी आपल्या वाट्याला आलेली संधी आपल्यापुरती ठेवली नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडून अनुदान मिळविले आणि त्यातून आपले विद्यार्थी इंग्लंड-अमेरिकेस पाठविले गेले. स्वतंत्र भारतात १९५४-५५ पासून केंद्र सरकारची परदेश शिष्यवृत्ती योजना चालू आहे. ती कोणाची मेहरबानी नाही. ती आपल्या लढ्याची कमाई आहे, आणि कमाई न वापरणे म्हणजे ती दुसऱ्याच्या हाती जाऊ देणे होय.

आता प्रत्यक्ष योजनांकडे वळू. केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी १२५ जणांसाठी आहे. त्यांपैकी ११५ जागा अनुसूचित जातींच्या आहेत. उरलेल्या भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या. ३० टक्के जागा स्त्रियांसाठी राखलेल्या आहेत. ही योजना पदव्युत्तर पदवी व पीएच. डी. यांसाठीच आहे, बारावीनंतर परदेशी पदवी घेऊ पाहणाऱ्याला ती मिळत नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत, वय ३५ वर्षांच्या आत, आधीच्या परीक्षेत किमान ६० टक्के गुण आणि क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये असलेल्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र, या तिच्या प्रमुख अटी होत. मोबदल्यात शिक्षणशुल्क, निर्वाहभत्ता, विमानभाडे, व्हिसाचे शुल्क व आरोग्यविमा सरकार सोसते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी ७५ विद्यार्थ्यांसाठी आहे आणि ती अनुसूचित जाती व नवबौद्ध अशा दोघांच्याही नावाने आहे. तिची क्रमवारीची अट केंद्रापेक्षा कडक असते. दोन्ही योजनांचे नियम अधूनमधून बदलतात. म्हणून गतवर्षी कोणी काय सांगितले यावर न विसंबता त्या वर्षीची जाहिरात मुळातून वाचावी.

येथे आपल्या लोकांना विशेषेकरून अडविणारी एक गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचे सदस्यत्व हिंदूंपुरते मर्यादित केले होते. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोक बौद्ध झाले आणि केंद्राच्या कायद्याच्या दृष्टीने ते अनुसूचित जातींच्या बाहेर पडले. महाराष्ट्राने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या; परंतु केंद्राचा कायदा बदलण्यास १९९० साल उजाडावे लागले. तब्बल चौतीस वर्षे धर्मांतराची किंमत आपल्या माणसांनी हक्क गमावून मोजली. हा इतिहास ज्याला ठाऊक नाही त्याला आजच्या दाखल्याचे महत्त्व कळणार नाही.

तो दाखला असा. राज्याच्या कामासाठी नवबौद्ध म्हणून मिळालेले प्रमाणपत्र केंद्राच्या योजनेला पुरेलच असे नाही. केंद्राला हवे असते ते त्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्र, ज्यात अर्जदाराचे कुटुंब मूळ कोणत्या अनुसूचित जातीचे होते व त्याने बौद्ध धर्म स्वीकारला आहे, हे दोन्ही नमूद असते. कारण अनुसूचीत जातींची नावे आहेत. बौद्ध हे जातीचे नाव नव्हे. आमच्या काही स्वाभिमानी बांधवांना ही नोंद खटकते. जात सोडली, मग कागदावर ती पुन्हा कशाला, असे ते विचारतात. त्यांची भावना आम्ही जाणतो. पण दाखल्यावरील शब्द आपला धर्म ठरवीत नाही. आपला धर्म आपण आचरणाने ठरविला आहे. तो शब्द म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या अन्यायाची शासनाने लिहून दिलेली कबुली होय. ती कबुली फाडून टाकल्याने अन्याय पुसला जात नाही, भरपाईचा हक्क मात्र जातो. म्हणून मुलगा किंवा मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षात असतानाच दोन्ही नमुन्यांतील दाखले, जात पडताळणीचे प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला यांतील नावे व नोंदी एकमेकींशी जुळतात की नाही हे तपासून घ्यावे. बापाच्या दाखल्यात एक नाव आणि मुलाच्या दाखल्यात दुसरे, एवढ्या एका कारणासाठी हातातोंडाशी आलेला घास जाऊ शकतो. तहसील कार्यालयात ही दुरुस्ती आठवड्यात होत नाही. मुदतीच्या आदल्या दिवशी तर मुळीच होत नाही.

सरकारी शिष्यवृत्ती मिळाली नाही म्हणजे सारे संपले असेही नव्हे. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांकडूनही शिक्षणशुल्क घेत नाहीत; सत्राचा काही शे युरोंचा आकार तेवढा भरावा लागतो. याला अपवाद आहेत. बाडेन-वुर्टेम्बर्ग प्रांतात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो पडतात आणि म्युनिचच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून शुल्क सुरू केले आहे. मात्र विनाशुल्क म्हणजे विनाखर्च नव्हे. व्हिसासाठी एका वर्षाच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो आधीच एका बंदिस्त खात्यात ठेवून दाखवावे लागतात. युरोला शंभर रुपये धरले तर ही रक्कम सुमारे बारा लाखांवर जाते. ती दरमहा ९९२ युरो याप्रमाणे तेथे विद्यार्थ्यालाच परत मिळते, ती बुडत नाही. पण आधी उभी करावी लागते. शिवाय भारतीय विद्यार्थ्यांना पदव्यांच्या तपासणीचे एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचे झाले आहे. हे सर्व आधी ठाऊक असेल तर दोन वर्षांत तजवीज करता येते. ऐन वेळी कळले तर सावकाराचे दार ठोठवावे लागते.

युरोपीय संघाची इरास्मस मुंडुस ही योजना याहून उदार आहे. दोन-तीन देशांतील विद्यापीठे मिळून एक पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवितात आणि निवड झालेल्यांना शुल्क माफ करून दरमहा १,४०० युरो देतात. या शिष्यवृत्ती मिळविणाऱ्यांत भारतीयांची संख्या नेहमीच मोठी असते. त्यांत आपली मुले किती, हा प्रश्न प्रत्येक वस्तीने स्वतःला विचारावा. जपान सरकारची शिष्यवृत्ती शुल्क, विमानभाडे व निर्वाह असा तिन्ही खर्च उचलते आणि तिचा अर्ज जपानच्या वकिलातीमार्फत होतो. फुलब्राइट-नेहरू, कॉमनवेल्थ व चेव्हनिंग या शिष्यवृत्त्यांची नावे आपण ऐकली असतील. त्या केवळ बड्या घरच्या मुलांसाठी आहेत हा समज मात्र खोटा आहे. समाजकार्यात पुढाकार घेतलेल्या, अनुभव कमावलेल्या तरुणांना त्यांत विशेष संधी असते, आणि असा अनुभव आपल्या मुलांपाशी कमी नाही. तो अर्जात मांडण्याचे धैर्य तेवढे हवे.

ज्यांना पूर्ण पदवीसाठी बाहेर राहणे शक्य नाही त्यांच्याकरिता देवाणघेवाणीची पद्धत आहे. आपल्या विद्यापीठाचा परदेशी विद्यापीठाशी तसा करार असेल तर विद्यार्थी येथलाच राहून एक सत्र तेथे शिकतो, शुल्क येथलेच भरतो आणि तेथे मिळालेले श्रेयांक येथल्या पदवीत धरले जातात. इरास्मस योजनेखाली अशा सत्रासाठी निर्वाहभत्ताही मिळू शकतो. आपल्या महाविद्यालयाचे कोणाशी करार आहेत हे विचारण्याचा प्रत्येक विद्यार्थ्याला अधिकार आहे. तेथील कचेरीत हा प्रश्न कोणी विचारतच नाही, म्हणून तो कागद कपाटात पडून राहतो आणि ज्याच्या घरी आधीपासून माहिती आहे त्याच्याच मुलाला त्याचा लाभ होतो.

कामाच्या बळावर विद्या मिळविण्याचीही एक प्रतिष्ठित परंपरा आहे. गोव्याच्या एका खेड्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी जवळ पैसा नसताना बुद्धधर्माच्या ओढीने नेपाळ, सिंहल व ब्रह्मदेशापर्यंत गेले, पाली शिकले, आणि पुढे १९१० साली विशुद्धिमग्गाच्या संपादनकार्यासाठी हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना अमेरिकेस बोलाविले. त्यांच्या विद्येलाच तेथे मोल मिळाले. आजही अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठांत पीएच. डी. करणाऱ्या विद्यार्थ्याला अध्यापन किंवा संशोधनात साहाय्य करण्याच्या बदल्यात शुल्क माफ होते आणि विद्यावेतन मिळते. अर्जाचे शुल्कही विनंती केल्यास अनेक विद्यापीठे माफ करतात. ही सहाय्यकवृत्ती म्हणजे एक गोष्ट, आणि पोटासाठी उपाहारगृहात किंवा दुकानात केलेले काम ही दुसरी. दुसऱ्या प्रकारच्या कामात कमीपणा मुळीच नाही. पण त्याला कायद्याची मर्यादा आहे. अमेरिकेत सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारातच आणि आठवड्यास २० तासांपर्यंतच काम करता येते; जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. एवढ्या कामातून भाजीभाकरी सुटेल, वीस-तीस लाखांचे शुल्क सुटणार नाही. 'तिकडे गेल्यावर कमवून फेडशील' असे जो सांगतो तो एकतर अज्ञानी असतो किंवा त्याचा त्यात हिस्सा असतो.

दलालांविषयी आणखी थोडे. त्यांपैकी अनेकांना ठराविक विद्यापीठांकडून प्रत्येक प्रवेशामागे दलाली मिळते. साहजिकच जेथे शुल्क अधिक तेथे त्यांचा सल्ला अधिक गोड. जे विद्यापीठ शुल्कच घेत नाही त्याचे नाव ते का घेतील? सरकारी शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर तो फसवीत आहे असे निश्चित समजावे. शैक्षणिक कर्ज हे पाप नव्हे. बँका साडेसात लाखांपर्यंतचे असे कर्ज तारणाशिवाय देतात आणि राष्ट्रीय अनुसूचित जाती वित्त महामंडळाचेही कमी व्याजाचे शैक्षणिक कर्ज आहे. परंतु कर्ज हे शिष्यवृत्तीतील उणीव भरून काढण्यासाठी असावे, शिष्यवृत्तीच्या जागी नसावे. राहते घर गहाण टाकून केवळ नावाचे विद्यापीठ गाठणाऱ्या मुलाच्या डोक्यावर पहिल्या दिवसापासून हप्त्याचे ओझे असते. तो विद्या घेत नाही, मुदत मोजत असतो.

आपले कर्तव्य आम्ही सांगितले. आता सरकारचे सांगतो. २०२२ साली केंद्राने आपल्या परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत अशी अट घातली की, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. कारण असे की, हे विषय भारतातच शिकावेत. बाबासाहेबांनी भारतातील जातींविषयीचा आपला निबंध १९१६ साली वाचला तो न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात. डी. एस्सी.साठी त्यांनी लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नाचा अभ्यास केला. भारताचा प्रश्न भारतापासून दूर उभे राहून, भयमुक्त मनाने आणि जगाच्या मापाने मोजता येतो, म्हणूनच ते तिकडे गेले. ज्या मुलांनी जातीचा चटका अंगावर सोसला त्यांनीच जातीचा अभ्यास जगातील उत्तम ग्रंथालयांत करू नये, हा कोठला न्याय? ही अट जोवर कायम आहे तोवर तिच्या विरुद्ध आवाज उठविला पाहिजे.

दुसरी तक्रार पैशाच्या विलंबाची. २०२५ च्या जुलैमध्ये या योजनेत निवड झालेल्या १०६ जणांपैकी प्रथम केवळ ४० जणांनाच मंजुरीची पत्रे मिळाली. इतरांना निधी उपलब्ध झाल्यास पत्र मिळेल असे कळविण्यात आले. परदेशी विद्यापीठाचे सत्र आपल्या खात्याच्या निधीसाठी थांबत नाही. ज्याच्या घरी पैसा आहे तो महिनाभर थांबू शकतो. ज्याच्यासाठी ही योजना केली त्याला एक महिन्याचा उशीर म्हणजे एक वर्षाचा, कधी आयुष्याचा उशीर ठरतो. निवड झाली की निधी ठरलाच पाहिजे, ही आमची मागणी आहे. सव्वाशे जागा एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने अपुऱ्या आहेत, हेही येथे बजावून ठेवतो.

शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांस दोन शब्द. मुलाचे नाव निघाले तर घर पुढे सरसावते आणि मुलीचे निघाले तर 'आधी लग्न, मग पाहू' असे म्हटले जाते, हे आपल्याला शोभत नाही. स्त्रियांसाठी राखलेल्या ३० टक्के जागा आपल्या मुलींची वाट पाहत आहेत. मुलगी एकटी परदेशी राहील कशी, ही काळजी खरी आहे; पण तिचे उत्तर तिला घरी बसविणे हे नव्हे. ज्या शहरात ती जाणार तेथे आधी गेलेल्या आपल्या मुली कोण, हे शोधून त्यांच्याशी तिची गाठ घालून द्यावी.

आणि समाजाने काय करावे? प्रत्येक बुद्धविहारात रविवारी वंदना झाल्यावर एक तास या कामासाठी राखावा. गेल्या पाच वर्षांत तालुक्यातून परदेशी गेलेल्यांची यादी करावी, त्यांना पत्र घालून त्यांचे अर्ज व निवेदने मागवावी, त्यांच्या नकला विहारात ठेवाव्या. पदवीच्या दुसऱ्या वर्षातील प्रत्येक विद्यार्थ्याचा पासपोर्ट आहे की नाही हे पाहावे. त्याला दीड हजार रुपये लागतात. इंग्रजीच्या परीक्षेला सतरा-अठरा हजार पडतात. होतकरू पण गरीब मुलाची ती फी वस्तीने वर्गणी काढून भरावी. जयंतीच्या मंडपावर आपण जो खर्च करतो त्याच्या एका लहानशा भागात दरवर्षी पाच-दहा मुलांच्या परीक्षा होतील. बाबासाहेबांच्या स्मृतीला यापेक्षा थोर अभिवादन आम्हांस सुचत नाही.

जे गेले आहेत व जाणार आहेत त्यांना एकच सांगावयाचे. बाबासाहेब परत येताना पदव्या घेऊन आले, पण येताच त्यांनी दुसऱ्यांसाठी दार उघडले. तुम्ही तेथेच राहा किंवा परत या. पण आपल्यामागून येणाऱ्या एका तरी मुलाचा अर्ज तपासून द्या, एका तरी मुलीच्या पत्राला उत्तर द्या. ज्या वाटेवर फलक नाहीत तेथे आधी चालून गेलेल्या माणसानेच मागच्याला खूण दाखवावयाची असते.